अधिकाऱ्याच्या घराचा पत्ता उघड करावा का?

१९ जुलै २०२०, रविवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं नॉर्थ ब्रन्सविक हे गाव, एडिसन परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना अगदी जवळचं. तिथल्या एका घरात वाढदिवसाची गडबड नुकतीच संपली होती. फेडरल (म्हणजे केंद्रीय) न्यायालयाच्या न्यायाधीश एस्थर सालास आणि त्यांचा एकुलता एक मुलगा डॅनियल तळघरात आवराआवर करत बोलत बसले होते. डॅनियलला नुकतीच वीस वर्षं पूर्ण झाली होती. दारावरची बेल वाजली आणि तो जिना चढून वर धावला. दारात कुरिअरवाल्याच्या वेशात एक माणूस उभा होता. त्याने गोळ्या झाडल्या. डॅनियल गेला, त्याचे वडील गंभीर जखमी होऊन कसेबसे वाचले.

मारेकरी पेशाने वकील होता आणि त्याचा एक खटला सालास यांच्यासमोर चालला होता. त्याने त्यांच्याबद्दल एक फाइलच तयार केली होती. घर कुठलं, कामावर कोणत्या रस्त्याने जातात, कोणत्या चर्चमध्ये जातात, सगळं त्यात होतं. ही माहिती मिळवायला त्याला कुठे चोरी करावी लागली नाही, कुणाला लाच द्यावी लागली नाही. ती इंटरनेटवर होती.

तेव्हापासून अमेरिकेत एका प्रश्नावर कायदे होत आहेत, खटले चालू आहेत, नवी विधेयकं येत आहेत: सार्वजनिक पदावरच्या माणसाची खासगी माहिती नेटवर टाकणं हा गुन्हा ठरवावा का? भारतातही वेगळ्या वाटेने का होईना, आपण याच प्रश्नापाशी येऊन उभे आहोत. म्हणून तो नीट समजून घेऊ.

पत्ता मिळतो तरी कसा?

त्रास द्यावा, घाबरवावं किंवा कुणीतरी हल्ला करावा या हेतूने एखाद्याचा घरचा पत्ता, खासगी फोन नंबर, मुलांची शाळा अशी माहिती जाहीर करणं, याला डॉक्सिंग म्हणतात. पण डॉक्सिंग करणाऱ्याला ही माहिती आयती मिळते, ती माहितीच्या दलालांकडून. या अशा कंपन्या असतात, ज्या मतदार याद्या, घरांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी, न्यायालयांची कागदपत्रं, जुन्या फोन डिरेक्टऱ्या आणि दुकानांच्या ग्राहक याद्या गोळा करतात, एकमेकांशी जोडतात आणि विकतात. अमेरिकेत नाव टाकून काही डॉलर भरले की समोरच्याचा आत्ताचा पत्ता, आधीचे पत्ते आणि नातेवाइकांची नावं पडद्यावर येतात.

यावर लगेच येणारा आक्षेप असा: या नोंदी मुळात सरकारीच आणि सगळ्यांसाठी खुल्या आहेत ना? मग त्या जोडल्या तर बिघडलं काय? असं पाहा. आपलं घर कुठे आहे हे पोस्टमनला माहीत असतं. आपण किती वाजता उठतो हे दूधवाल्याला ठाऊक असतं. गाडीचा नंबर वॉचमनला पाठ असतो, आणि मुलं शाळेतून कधी येतात हे रिक्षावाले काका सांगू शकतात. यातल्या एकाचीही आपल्याला भीती वाटत नाही. पण एखादा माणूस या चौघांकडून सगळं विचारून एका वहीत उतरवून घेऊ लागला आणि ती वही चौकात उभा राहून विकू लागला तर? वहीतली एकही ओळ गुप्त नाही, पण वही मात्र धोकादायक आहे. सालास यांच्या बाबतीत अशीच वही तयार झाली होती.

मिनेसोटामध्ये जून २०२५ मध्ये हेच पुन्हा घडलं. पोलिसाच्या वेशातल्या माणसाने विधानसभेच्या माजी अध्यक्ष मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांना त्यांच्या घरी गोळ्या घालून ठार केलं. त्याआधी त्याच रात्री त्याने राज्याचे सिनेटर जॉन हॉफमन आणि त्यांच्या पत्नीवर त्यांच्या घरी हल्ला केला होता. ते दोघे वाचले. तपास यंत्रणेने न्यायालयात सांगितलं, की हल्लेखोराच्या वहीत माणसांचे पत्ते शोधून देणाऱ्या अकरा संकेतस्थळांची यादी लिहिलेली होती. कोणतं फुकट आहे आणि कोणतं पैसे मागतं, याच्याही नोंदी होत्या.

डॅनियलच्या नावाचा कायदा

मुलगा गेल्यावर सालास गप्प बसल्या नाहीत. त्यांनी स्वतः पुढे येऊन कायद्याची मागणी केली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू जर्सीत ‘डॅनियल्स लॉ’ मंजूर झाला. त्याची रचना साधी आहे. आजी-माजी न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय यांना तो संरक्षण देतो. संरक्षण फक्त दोन गोष्टींना: घरचा पत्ता आणि जाहीर न केलेला घरचा फोन नंबर. अशा व्यक्तीने लेखी नोटीस दिली, की समोरच्या कंपनीने किंवा माणसाने कामाच्या दहा दिवसांत ती माहिती काढून टाकायची. नाही काढली तर प्रत्येक उल्लंघनामागे किमान एक हजार डॉलर भरपाई.

एक हजार ही रक्कम किरकोळ वाटेल. पण एका कंपनीकडे हजारो पोलिसांचे पत्ते असतात, आणि एका माणसासाठी हजार म्हणजे हजारो माणसांसाठी कोट्यवधी. २०२४ मध्ये अशा हजारो लोकांच्या वतीने शंभराहून जास्त कंपन्यांवर दावे दाखल झाले. दलालांना नैतिकतेचे धडे देऊन कळत नाही, हिशेब कळतो. म्हणून कायद्याचा हा भाग मला सर्वांत नेमका वाटतो.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने डॅनियलच्याच नावाने दुसरा कायदा केला. तो देशभरातल्या फेडरल न्यायाधीशांना लागू आहे.

तरीही धमक्या थांबलेल्या नाहीत. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या अनेक न्यायाधीशांच्या घरी न मागवलेले पिझ्झा येऊ लागले. ‘तुम्ही कुठे राहता हे आम्हाला माहीत आहे’ एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या काही ऑर्डर डॅनियलच्या नावाने नोंदवलेल्या होत्या. त्याच्या आईला हे कळलं तेव्हा तिला काय वाटलं असेल, याचा विचारही करवत नाही.

मग यात अडचण काय?

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, की असा कायदा हवाच. मलाही तो हवाच वाटतो. पण त्याच न्यू जर्सीत, सालास यांच्या घरापासून फार दूर नसलेल्या न्यू ब्रन्सविक शहरात जे घडलं तेही पाहायला हवं.

चार्ल्स क्रॅटोव्हिल हे तिथल्या ‘न्यू ब्रन्सविक टुडे’ या स्थानिक वृत्तपत्राचे संपादक. शहराचे पोलीस संचालक मुळात शहरात राहतच नाहीत, अशी कुणकुण त्यांना लागली. त्यांनी रीतसर अर्ज करून मतदार नोंदणीचा कागद मागवला. अमेरिकेतही आपल्या माहिती अधिकारासारखे कायदे आहेत, त्यातून तो मिळाला. संचालकांचं नाव केप मे या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात मतदार म्हणून नोंदलेलं होतं. न्यू ब्रन्सविकपासून गाडीने दोन तासांहून जास्त लांब.

एखाद्या शहराच्या पोलीस दलाचा प्रमुख माणूस दोन तासांच्या अंतरावर राहत असेल, तर त्या शहरातल्या लोकांनी हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणी? क्रॅटोव्हिल यांनी २०२३ मध्ये नगर परिषदेच्या बैठकीत तो विचारला. बोलताना त्यांनी रस्त्याचं नाव घेतलं आणि नोंदणीच्या कागदाच्या प्रती सदस्यांना दिल्या. त्यानंतर त्यांना संचालकांचं पत्र आलं: डॅनियल्स लॉखाली हा पत्ता जाहीर करणं थांबवा.

क्रॅटोव्हिल न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा भक्कम होता. माहिती त्यांनी चोरलेली नव्हती, सरकारनेच दिली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ‘स्मिथ विरुद्ध डेली मेल’ खटल्यात तत्त्व घालून दिलं आहे, की कायदेशीर मार्गाने मिळालेली, जनहिताच्या विषयावरची खरी माहिती छापल्याबद्दल शिक्षा करायची असेल, तर सरकारकडे तसंच अत्यंत मोठं कारण असलं पाहिजे.

प्रकरण न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला. अधिकारी केप मे या गावी राहतात आणि ते गाव शहरापासून किती लांब आहे, हे क्रॅटोव्हिल हवं तितकं छापू शकतात. त्यावर वाटेल तेवढी टीकाही करू शकतात. पण नेमका रस्ता आणि घर नंबर नाही. बातमीला जे लागतं ते गावाचं नाव, घर नंबर नव्हे.

मला हा निकाल पटतो, पण त्या पत्राबद्दलची चुटपुट जात नाही. स्थानिक वृत्तपत्र चालवणारा माणूस दोन वर्षं खटला लढला म्हणून ही रेषा आखली गेली. असं पत्र आल्यावर दहापैकी नऊ जण बातमीच मागे घेतील. पत्ता झाकण्यासाठी केलेला कायदा प्रश्न झाकण्यासाठी वापरता येतो, आणि त्यासाठी अधिकाऱ्याच्या मनात पाप असण्याचीही गरज नाही. वकिलाच्या लेटरहेडवर चार ओळी पुरतात.

आमदारांच्या पत्त्यांची यादी

कॅलिफोर्नियात तर हे आधीच घडून गेलं होतं. २०१६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने बंदुकांवर निर्बंध आणणारे कायदे केले. काडतुसं विकत घेणाऱ्यांची सरकारी नोंदवही तयार होणार होती. संतापलेल्या एका लेखकाने त्या कायद्याच्या बाजूने मत देणाऱ्या चाळीस लोकप्रतिनिधींचे घरचे पत्ते आणि फोन नंबर नेटवर टाकले. ‘तुम्ही आमची यादी करता, तर ही घ्या तुमची,’ असा त्याचा पवित्रा. काही लोकप्रतिनिधींना धमक्यांचे फोन आले. विधिमंडळाच्या कायदा कार्यालयाने लोकप्रतिनिधींचे पत्ते झाकणाऱ्या तिथल्या कायद्याचा आधार घेऊन मजकूर उतरवायला लावला.

२०१७ मध्ये फेडरल न्यायालयाने पत्ते झाकणारा हा कायदा त्या लेखकाच्या बाबतीत वापरायला मनाई केली. न्यायालयाने पाहिलं, की ही माहिती आधीच सार्वजनिक होती आणि लेखकाने ती राजकीय निषेधाचा भाग म्हणून वापरली होती.

मला स्वतःला हे पत्ते टाकणं गैर वाटतं. विधानसभेत मत देणाऱ्या बाईच्या घरी फोन करून तिच्या मुलांना घाबरवणं हा निषेध नव्हे. पण न्यायालयाची अडचणही कळते. कायदा इतका सैल लिहिलेला होता, की लोकप्रतिनिधीने ‘मला भीती वाटते’ एवढं लेखी दिलं तरी मजकूर उतरवावा लागे. भीती खरी आहे का, बोलणाऱ्याचा हेतू काय, हे तपासणारं मध्ये कुणीच नाही.

नुसतं नाव छापलं तरी?

आतापर्यंत आपण पत्त्याबद्दल बोलत होतो. जून २०२५ मध्ये सिनेटर मार्शा ब्लॅकबर्न यांनी मांडलेलं विधेयक त्याच्या बरंच पुढे जातं. तपासात किंवा स्थलांतरितांवरच्या कारवाईत अडथळा आणण्याच्या हेतूने फेडरल पोलीस अधिकाऱ्याचं नाव जाहीर केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद, असा तो प्रस्ताव आहे. पार्श्वभूमी अशी, की तेव्हा अमेरिकेत तोंडाला मास्क लावलेले अधिकारी रस्त्यांवरून, कामाच्या ठिकाणांहून लोकांना उचलत होते.

इथे मला ठामपणे थांबावंसं वाटतं. पत्ता आणि नाव या एका जातीच्या गोष्टी नाहीत. पत्ता हा माणसाच्या घराचा असतो, तिथे त्याची बायको-मुलं, म्हातारे आईवडील राहतात आणि त्याच्या कामाशी त्यांचा संबंध नसतो. नाव मात्र त्याच्या कामाला जोडलेलं असतं. आपल्याकडे पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असते ती उगाच नाही. लाठी कुणी चालवली, अटक कुणी केली, पंचनाम्यावर सही कुणाची, हे कळलं नाही तर तक्रार कुणाविरुद्ध करायची? विधेयकात ‘अडथळा आणण्याच्या हेतूने’ ही अट आहे, असं त्याचे समर्थक सांगतात. पण हेतू ठरवण्याचं काम सुरुवातीला पोलिसांकडेच असतं, आणि इथे तक्रारदारही तेच.

फ्रान्समध्ये २०२० साली पोलिसांचा चेहरा ओळखू येईल असे व्हिडिओ वाईट हेतूने पसरवण्यावर बंदी आणू पाहणाऱ्या कलमाविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते. मे २०२१ मध्ये तिथल्या घटना परिषदेने ते कलम पुरेसं स्पष्ट नाही म्हणून रद्द केलं.

ज्याला शोधायचंय तो शोधणारच, मग उपयोग काय?

हा आक्षेप फार ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. पाळत ठेवून, मागे मागे जाऊन कुणाचंही घर सापडतं. पण मागे मागे जायला दिवस लागतात, माणूस दिसतो, संशय येतो, कुणी हटकतं. पाच मिनिटांत घरबसल्या पत्ता मिळाला तर यातलं काहीच होत नाही. रागाच्या भरात असलेल्या माणसाला दोन दिवस उशीर झाला, तर कधी कधी तेवढ्यावर जीव वाचतो.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: साहेबांनाच का? नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाई नव्या गावात नाव न सांगता राहते, तिचाही पत्ता त्याच दलालाकडे काही डॉलरला मिळतो. तिला न्यायाधीशाइतकीच भीती असते आणि तिच्या दारात पोलीस बंदोबस्त नसतो. ओरेगनचे सिनेटर रॉन वायडन यांनी २०२५ मध्ये हाच मुद्दा धरला आणि हे संरक्षण सगळ्याच नागरिकांना मिळावं असं विधेयक आणलं. टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ यांनी त्याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, की सगळ्यांना लागू केलं तर पोलिसांना आणि पालकांना धोकादायक माणसांचा माग काढणं कठीण होईल. मला वायडन यांची बाजू योग्य वाटते. दलालाचा धंदा बंद केला, तर न्यायाधीशही वाचतात आणि ती बाईही. उलट फक्त अधिकाऱ्यांपुरता कायदा केला, तर धंदा चालूच राहतो आणि सत्तेतल्या माणसांपुरती सोय होते.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

आपल्याकडचं चित्र जरा वेगळं आहे. आपला नगरसेवक स्वतःचा मोबाइल नंबर फ्लेक्सवर छापतो. निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार प्रतिज्ञापत्रात पत्ता आणि फोन लिहून देतो. मुख्यमंत्र्यांचा ‘वर्षा’ बंगला कुठे आहे हे लहान मुलालाही माहीत असतं, पण तिथे पहारा असतो. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाच्या किंवा वाळूमाफियांवर छापे घालणाऱ्या तहसीलदाराच्या खासगी घराला तो असेलच असं नाही.

डॉक्सिंग या नावाचा वेगळा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. पत्ता टाकून धमकी दिली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागू शकतं. एखाद्या बाईचा पाठलाग केला, तर कलम ७८. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला आणि त्यातून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यात दोन गोष्टी सामान्य वाचकाने जरूर पाहाव्यात.

पहिली, कलम ३. माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या, किंवा कायद्याने बंधनकारक म्हणून जाहीर झालेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे सरकारी नोंदी गोळा करून कुणी वही बनवली, तर अमेरिकेत ज्या धंद्याने जीव घेतले, नेमका तोच आपल्या कायद्यातून निसटण्याची भीती आहे.

दुसरी, कलम ४४(३). याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला दाखवावं लागे, की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येईल, आणि तरीही मोठं जनहित असेल तर ती द्यावी लागे. शिवाय, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं कलमात लिहिलेलं होतं. १४ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं गेलं. आता कलम एवढंच म्हणतं: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देणं बंधनकारक नाही.

हे अचानक आलेलं नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे प्रकरणात, अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षा यांची माहिती मोठं जनहित दाखवल्याशिवाय देता येणार नाही असं म्हटलं होतं. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती अर्जदारांना ‘वैयक्तिक माहिती’ या दोन शब्दांत उत्तर मिळालं, हे माहिती अधिकारात काम करणारा कोणीही कार्यकर्ता सांगेल. आता त्या दोन शब्दांना कायद्याचंच बळ मिळालं.

न्यू जर्सीच्या कायद्याने फक्त दोन गोष्टी झाकल्या, घर आणि फोन. आपण मात्र ‘वैयक्तिक’ शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस ठेवली, की तिच्याखाली बदलीचा आदेशही जाऊ शकतो, राखीव पदासाठी दिलेला जातीचा दाखलाही जाऊ शकतो आणि निकृष्ट रस्त्याच्या बिलावर सही करणाऱ्या अभियंत्याचं नावही. अधिकाऱ्याच्या मुलांना धोका यातल्या कशानेच होत नाही.

सरकारचं उत्तर असं, की माहिती अधिकाराचं कलम ८(२) शिल्लक आहे. जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. हे खरं आहे, म्हणून अर्ज करणाऱ्याने ते वापरायलाच हवं. माहिती का हवी आहे हे सांगण्याचं बंधन कायद्याने घातलेलं नाही, तरी आता अर्जात जनहित काय आहे ते दोन ओळींत लिहून कलम ८(२) चा उल्लेख केलेला बरा. अधिकाऱ्याचा घरचा पत्ता, फोन, बँक खातं मुळात मागूच नये.

आणि पत्ता कागदावर आहे म्हणून सगळा कागदच नाकारला गेला, तर कलम १० दाखवावं. झाकण्याजोगा भाग काळा करून उरलेला कागद देता येतो, असं ते कलम सांगतं. नकाराचं पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं, तिथेही नकार आला तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अपिलात लिहायचं एवढंच: घर नंबर खोडा, बाकीचा कागद द्या.